दाखल्यावाचून राहिलेली मुले

ज्या नवी मुंबईची आखणी सिडको या शासकीय महामंडळाने 1970 पासून मोठ्या हौसेने केली, तिच्या इमारतींना खडी पुरविणाऱ्या तुर्भ्याच्या खाणींलगत आणि खारघर-उलव्याच्या बांधकामांवर बिगारी करणाऱ्यांची मुले त्या आखणीबाहेरच राहिली. काम संपले की बिऱ्हाड हलते, आणि जून उलटल्यावर परक्या वस्तीत आलेल्या आईला शाळेची पायरी चढण्याचा धीर होत नाही. महाविद्यालयीन तरुणांचे कर्तव्य येथे सुरू होते. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला, जन्मदाखला नसला किंवा वर्ष अर्धे सरले तरी, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये प्रवेश नाकारता येत नाही, हे त्या माउलीला समजावावे, तिच्यासोबत महापालिकेच्या शाळेत जावे, अर्ज लिहून द्यावा आणि हजेरीपटावर नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. शिबिरांतील भाषणांहून मला हे शतपट मोलाचे वाटते. हॉटेलात कपबश्या विसळणारे मूल दिसल्यास मालकाशी हुज्जत न घालता 1098 या बालसाहाय्य दूरध्वनी सेवेवर कळवावे. ही सेवा 1996 साली मुंबईतच आरंभली गेली. मात्र त्या मुलाचे छायाचित्र प्रसिद्ध करू नये. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने अशा बालकाची ओळख उघड करण्यास सक्त मनाई केली आहे.