दुसऱ्याच्या हातचें काम

चंद्रपूरच्या वैशाखांत ज्या दाराच्या फळ्यांमधून उजेड दिसूं लागतो, तेंच दार श्रावणांत चौकटींत अडकून बसतें. घरधनी नवा सुतार बोलावतो आणि आरंभींच म्हणतो, "पाहा हो मिस्त्री, त्या माणसानें काम कसें बिघडवून ठेवलें आहे!" या एका वाक्यास सुतार काय उत्तर देतो, यावरून त्याची पारख होते.

होकार देणें सोपें असतें. गिऱ्हाईक संतुष्ट होतें, काम हातीं येतें. परंतु त्याच्या मनांत साऱ्या धंद्याविषयींच संशय रुजतो, आणि पुढच्या पावसाळ्यांत तो या नव्या सुताराच्याच वाट्यास येतो. उलट, व्यवसायबंधूच्या दोषावर पांघरूण घालणें ही गिऱ्हाइकाची फसवणूक होय. यांतून मार्ग काढावयाचा तर आधीं लाकडाकडे पाहिलें पाहिजे.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली हे सागवानाचे जिल्हे. आलापल्लीच्या सागाची ख्याति मोठी. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ च्या मार्चमध्यें बल्लारपुराहूनच सागवान रवाना झालें. परंतु इतकें नामांकित लाकूडहि हवेप्रमाणें बदलतें. लांबीच्या दिशेनें तें जवळजवळ हलत नाहीं. रुंदीच्या दिशेनें मात्र फुगतें व आकसतें. वलयांच्या रोखानें होणारा हा फरक गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या फरकाच्या सुमारें दुप्पट असतो. म्हणून एकाच ओंडक्याच्या दोन फळ्या, चिरण्याच्या तऱ्हेप्रमाणें, निरनिराळ्या वागतात. शिवाय सालीलगतचें पांढरट लाकूड गाभ्याइतकें टिकत नाहीं. वाळवी प्रथम त्यालाच धरते.

म्हणून जाणता सुतार निवाडा देण्यापूर्वीं प्रश्न विचारतो. लाकूड कोणीं आणलें? तें पुरतें वाळलें होतें काय? दार कोणत्या ऋतूंत बसविलें? मजुरी कोणत्या कामाची ठरली होती? पुष्कळदां असें निघतें कीं, लग्नकार्याच्या घाईंत घरधन्यानेंच ओलें, स्वस्त लाकूड आणून दिलें होतें. मग दोष कारागिराच्या हाताचा ठरत नाहीं. तो खरोखरच हाताचा असला, तरी सुतार माणसाविषयीं न बोलतां वस्तूविषयीं बोलतो: "हा सांधा सैल आहे, दुरुस्ती अशी होईल, खर्च इतका येईल." आणि ज्यानें दार केलें त्याला एकदां बोलावून पाहावें, असेंहि तो सुचवितो.

अपवाद एकच. तुळई पोखरलेली असेल, जिना कोसळण्याजोगा असेल, तर भीड न धरतां तत्काळ सांगितलें पाहिजे. तेथें मौन म्हणजे अपराध. मात्र धोका सांगण्यास कोणाचें नांव घ्यावें लागत नाहीं.

लहान गांवांत कारागिराचें भांडवल म्हणजे करवत, रंधा आणि नांव. पहिलीं दोन पुन्हां विकत घेतां येतात. आठवडी बाजारांत एकदां गेलेलें नांव मात्र परत मिळत नाहीं. आणि त्याबरोबर एका कुटुंबाची भाकरीहि जाते. दुसऱ्याचें नांव जपणाऱ्या सुताराला घरधनी पुढच्या कामासहि बोलावतो, कारण आपल्या पाठीमागेंहि हा माणूस असाच बोलेल, हें त्याला कळलेलें असतें.