रेषेतून गतीकडे

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर येथे संगणकीय अॅनिमेशन व संगणक-खेळांची चित्रकला शिकणारा विद्यार्थी दिवसभर खेळतच असतो, असा समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. चित्रपटाच्या एका सेकंदास २४ चौकटी लागतात. म्हणजे मिनिटास १,४४०. विद्यार्थी प्रथम कागदावर माणसाची चाल, अंगाचा तोल, उजेडाची दिशा अभ्यासतो. मग संगणकावर आकृती घडवून तिला सांधे व रंग देतो. खेळात तर खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीसरशी चित्र तत्क्षणी उमटावे लागते. म्हणून आकृती आटोपशीर ठेवावी लागते.

मुंबईत १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी राम मोहन प्रभृतींना शिकविले ते हातानेच रेखाटून. साधने पालटली, पाया तोच राहिला.

या क्षेत्रात नोकरी देताना गुणपत्रिकेपेक्षा उमेदवाराच्या कामाचा संग्रह पाहिला जातो. शिक्षणाचा खर्चही लहान नसतो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी पाल्याची चित्रवही पाहावी. शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी व इंटरमिजिएट, ही या वाटेची गावातच उपलब्ध असलेली पहिली पायरी होय. शाळेने चित्रकलेचा तास अन्य विषयास देऊन टाकला, तर ती पायरीच निखळते.