पुटकुळी फोडू नका

पुटकुळी नखांनी दाबली की थोडा पू बाहेर येतो, पण बराचसा आतच ढकलला जातो. तेलग्रंथीची भिंत फाटते, जंतू खोलवर पसरतात आणि सूज वाढते. आपल्या सावळ्या त्वचेवर मग काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, कधी कायमचा खड्डा पडतो. नाक आणि वरच्या ओठाजवळचा संसर्ग तर क्वचित मेंदूकडच्या शिरांपर्यंत पोचतो.

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुवा. लिंबू, टूथपेस्ट नको. २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड पातळ लावा, गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात. गाठी दुखत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि कळकळीची विनंती: मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित गोरेपणाची क्रीम मुलांना चेहऱ्याला लावू देऊ नका, तिने मुरुमे वाढतात.