एकट्या बैलाचा भाव

वही गणिताची होती, चौकटीची. पहिल्या पानावर बारा संघांची नावं आणि प्रत्येक नावाखाली ‘५ कोटी’ लिहून दुहेरी रेघ मारलेली. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा लिलाव ३१ मे आणि १ जून २०२५ ला मुंबईत झाला. पुढच्याच आठवड्यात अंबडला, मत्स्योदरीच्या डोंगराखालच्या एका चहाच्या टपरीवर, पोरांनी तोच लिलाव स्वतःच्या हिशेबानं पुन्हा मांडला. पेरणीच्या आधीचे रिकामे दिवस, कॉलेजला सुट्ट्या, आणि हातोड्याऐवजी चहाचा रिकामा ग्लास.

नियम खऱ्या लिलावाचेच होते. संघाकडे ५ कोटी, किमान १८ खेळाडू. मूळ किंमत ‘अ’ गटाची ३० लाख, ‘ब’ची २०, ‘क’ची १३ आणि ‘ड’ची ९ लाख. एका पठ्ठ्यानं सुरुवातीलाच दोन मोठे मासे गळाला लावले. इराणचा मोहम्मदरेझा शादलू २ कोटी २३ लाखांना, देवांक दलाल २ कोटी २० लाख ५० हजारांना. खऱ्या लिलावात गुजरात आणि बंगालनं मोजले तेवढेच. टेबलावर थाप मारून त्यानं विचारलं, “आता बोला, एक नंबरचा डिफेंडर माझा, एक नंबरचा रेडरबी माझा!”

वही सांभाळणाऱ्यानं शांतपणे वजाबाकी केली. उरले ५६ लाख ५० हजार. अजून सोळा जण घ्यायचे. सगळे नऊ-नऊ लाखांचे घेतले तरी १ कोटी ४४ लाख लागतात. या पैशांत बसतात सहा. म्हणजे एकूण आठ.

“सात मॅटवर अन् एक बाकड्यावर,” तो म्हणाला. “त्यालाच पाणी द्यायला ठिव.”

हशा पिकला. मग नेहमीचं भांडण सुरू झालं, एक नंबर कोण याचं. परदीप नरवाल की पवन सेहरावत? परदीपवाल्यांकडे आकडे होते. लीगमध्ये १,८०० च्या वर चढाईचे गुण, पाचव्या हंगामात पाटण्याकडून एकट्याचे ३६९, आणि हरियाणाविरुद्ध एका सामन्यात ३४. पवनवाल्यांकडे किंमत होती. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सनं त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. नऊ वर्षांत वीस पट. जालन्याच्या मोसंबीला नऊ वर्षांत असा भाव चढला असता, तर आमच्या तालुक्यात कबड्डीवर भांडायला माणूस मिळाला नसता, सगळे परदेशात फिरत असते.

बाकड्याच्या टोकाला एक वयस्क मामा बसले होते. आयुष्यभर बैलांची खरेदी-विक्री केलेले. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, “पोरांहो, तुमच्या ह्या खेळात एकलाच बैल औत वढतो का?”

पोरं हसली. मला मात्र त्या दिवसापासून हा लिलाव वेगळाच दिसायला लागला.

बैलबाजारात जाणता माणूस आधी दात बघतो. दोन दाती, चार दाती, की जुळलेला. मग खांदा, मग चाल. या झाल्या अंगच्या गोष्टी, त्यांची यादी करता येते, नंबर लावता येतो. पण सौद्यातला खरा प्रश्न पुढे असतो: हा जुवाच्या कोणत्या बाजूला चालतो? डाव्या अंगाला सवयीचा झालेला बैल उजवीकडे जुंपला की बावचळतो, जोडीदारालाही खेचतो. ज्याचा एक बैल ऐन पेरणीच्या तोंडावर दगावला, त्याला दुसरा कसाही चालत नाही. उरलेल्याची उंची, चाल आणि बाजू जुळायला हवी. असा जुळणारा सापडला की तो चार पैसे जास्तच देतो. त्या जास्तीच्या पैशात बैलाचा मोठेपणा थोडा असतो, घेणाऱ्याची नड मोठी असते. फरक इतकाच की बैलबाजारात बोटं रुमालाखाली हलायची, भाव दोघांतच राहायचा. इथे तो टीव्हीवर जाहीर होतो आणि त्या आकड्यालाच आपण खेळाडूचा नंबर समजून बसतो.

कबड्डीच्या मैदानात तर ही बाजू आखूनच दिलेली असते. डावा कोपरा, उजवा कोपरा, त्यांच्या लगतचे मध्यरक्षक. कोपऱ्यातला घोट्याला हात घालतो किंवा मांडी पकडतो, पण चढाईपटूला मध्यरेषेकडे झेपावू न देण्याचं काम शेजारच्या मध्यरक्षकाचं. तो अर्ध्या क्षणानं उशिरा आला की चांगली बसलेली पकडसुद्धा सुटते. गुण गमावल्याची नोंद कोपऱ्याच्या नावावर पडते, चूक असते शेजाऱ्याची. उलट, मध्यरक्षकानं नुसतं दोन पावलं सरकून चढाईपटूला कोपऱ्याकडे ढकललं, तर आकड्यांच्या तक्त्यात त्याच्या नावावर काहीच चढत नाही.

चढाईचंही तेच. चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो, आणि त्याला परत आत आणायला दुसऱ्या कुणीतरी गुण मिळवावा लागतो. संघात दुसरा भरवशाचा चढाईपटू नसेल, तर कोटीचा माणूस बाकड्यावर बसून सामना बघतो. बोनसची रेष ओलांडल्याचा गुण समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच मिळतो. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. तिच्यात गुण आला नाही तर चढाईपटू बाद. ही तिसरी चढाई वारंवार ज्याच्या गळ्यात मारली जाते, त्याची सरासरी घसरणारच. त्याला ‘फ्लॉप’ म्हणायला मात्र आपण टपरीवर तयारच असतो.

आता आपल्याकडचा दाखला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडी भागातून आलेला सिद्धार्थ देसाई. २०१८ मध्ये, सहाव्या हंगामात यू मुम्बानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि त्यानं चढाईत २१८ गुण कुटले. मुम्बा बाद फेरीत गेली. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना उचललं. तिथे त्याचे गुण झाले २१७. म्हणजे फरक एका गुणाचा! आणि टायटन्स बारा संघांत अकरावे. मग सिद्धार्थ भारी की फुसका? प्रश्नच चुकीचा आहे. मुम्बाकडे डाव्या कोपऱ्यात इराणचा फजल अत्राचली उभा होता, कर्णधारही तोच. सिद्धार्थनं आणलेले गुण तिथे साठत होते. हैदराबादला ते एका दारानं आत येऊन दुसऱ्या दारानं बाहेर जात होते.

यापेक्षाही बोलका हिशेब अजिंक्य पवारचा आहे. २०२४ च्या लिलावात बंगळूरु बुल्सनं त्याला १ कोटी १० लाखांच्या वर मोजले. त्याच संघात परदीपही होता, ७० लाखांचा. कागदावर बघितलं तर दोन चढाईपटू, एक अनुभवाचा राजा, दुसरा भरात. प्रत्यक्षात बुल्सनं २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि तळाला गेले. पुढच्या हंगामात अजिंक्य दिल्लीकडे आला. तिथे पहिला मान आशू मलिकचा, डाव्या कोपऱ्यात पुन्हा तोच फजल. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीनं अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला ३१-२८ नं हरवलं. वर्षभरात अजिंक्यचा दम काही दुपटीनं वाढला नव्हता. भोवतालची माणसं बदलली होती.

परदीपचं नाव निघालं की टपरीवर आवाज खाली येतो. २०२१ मध्ये यूपी योद्धानं त्याला १ कोटी ६५ लाख दिले, तेव्हाचा तो उच्चांक होता. २०२५ च्या लिलावात त्याच्यासाठी कुणीच हात वर केला नाही, आणि त्यानं खेळणं थांबवलं. ‘डुबकी’ मारून चार जणांच्या हाताखालून निसटणारा माणूस, आणि एका दुपारी नाव पुकारलं तर सभागृह गप्प. हे मला आवडत नाही, पण समजतं. बारा संघांना त्या वर्षी त्या बाजूची नड नव्हती, एवढाच त्या शांततेचा अर्थ. सर्वकालीन यादीत त्याचा नंबर त्या दुपारी खाली आला असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं लिलाव आणि इतिहास एकाच तागडीत घातले.

किंमत आणि उपयोग यांची फारकत पाहायची तर २०२२ चा नववा हंगाम. तमिळ थलैवाजनं पवनला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि हंगाम संपला. मोसंबीची बाग गुत्त्यानं घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे नवं नाही: झाडावरचा माल पाहून आकडा देऊन बसायचं आणि आठवड्यात फळगळ सुरू व्हायची. पण थलैवाजची गोष्ट पुढे उलटी फिरली. पवन नसताना नरेंदर नावाचा नवखा पोरगा उभा राहिला, सोबतीला आपला अजिंक्य पवार होताच, आणि त्या संघानं आपल्या इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. महागडा बैल गोठ्यात, आणि पेरणी वेळेवर.

पाटण्याचंही असंच. देवांकनं अकराव्या हंगामात त्यांच्यासाठी ३०१ गुण आणले, संघ अंतिम फेरीत. मग तो बंगालकडे गेला. पाटण्याचं आता काही खरं नाही, असं आमच्या वहीतही लाल पेनानं लिहिलेलं आहे. बाराव्या हंगामात त्याचाच जुना साथीदार अयान पुढे आला, ३१६ गुण घेऊन. पाटणा बाद फेरीत, बंगाल बाहेर. शादलूचीही कथा ऐका. २०२३ ला पुण्यानं २ कोटी ३५ लाखांना घेतला, पुणे विजेतं. पुढच्या वर्षी हरियाणानं २ कोटी ७ लाखांना, हरियाणा विजेतं. मग ‘शादलू म्हणजे ट्रॉफी’ असं समीकरण रूढ झालं आणि गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. पुण्यात त्याच्याभोवती अस्लम इनामदारसारखी, एकत्र वाढलेली तरुण पोरं होती. श्रीरामपूर तालुक्यातला हा अस्लम त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अंतिम सामना पुण्यानं २८-२५ असा जिंकला.

अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये ही जुळवाजुळव निम्मी खेळाडूच्या हातात असते. करार संपला की तो मोकळा. कुणाशेजारी खेळायचं ते तो ठरवतो. लेब्रॉन जेम्स २०१० मध्ये क्लीव्हलंड सोडून मायामीला गेला तो आपल्या पसंतीचे जोडीदार बघून, आणि २०१२, २०१३ अशी दोन विजेतेपदं घेऊन आला. क्लीव्हलंडला लोकांनी त्याचे बनियन जाळले, तो भाग वेगळा. आपल्याकडे लिलावात उभा असलेला खेळाडू काही बोलत नाही. जो जास्त बोली लावेल तो मालक. जुन्या संघानं शेवटच्या बोलीइतके पैसे मोजून त्याला ठेवून घ्यायची सोय आहे (दिल्लीनं आशूला असाच १ कोटी ९० लाखांना राखला), पण ती संघाची सोय, खेळाडूची नव्हे.

लीगच्या आधी आपल्याकडे कबड्डीपटूचा बाजार नोकरीचा होता. मुंबईत रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांचे संघ, आणि खेळाडूची किंमत म्हणजे कायमची ऑर्डर. गावाकडच्या आईबापांना आजही कोटीच्या बोलीपेक्षा ती ऑर्डर जास्त कळते. त्यात एक गुण होता: एकदा चिकटलेला माणूस पाच-दहा वर्षं त्याच सहा जणांबरोबर खेळायचा. जोड आपोआप लागायची.

आणि वहीतली एक उणीव सांगून टाकतो. तीत एकाही मुलीचं नाव नाही. पोरांचा दोष नाही. २०१६ मध्ये महिलांचे तीन संघ करून एक छोटी स्पर्धा घेतली होती, त्यात एका संघाची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. मग ते तिथेच थांबलं. बीड जिल्ह्याच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा याच टपरीवर पेढे वाटले होते. पण पेढे वाटणं वेगळं, वहीत रकाना आखणं वेगळं.

नवरात्रात डोंगरावर गर्दी उसळते तेव्हा टपरीवाल्याला बोलायला फुरसत नसते. मी एका संध्याकाळी पायऱ्या उतरून आलो तर तो आठ खेळाडूंचा मालक कोपऱ्यात वही घेऊन बसलेला. नवं पान, पुन्हा ५ कोटी. वर ठळक अक्षरांत डावा कोपरा, त्याच्या खाली लगेच डावा मध्यरक्षक, दोघांना कंसानं जोडलेलं. मग उजवी बाजू तशीच. २ कोटी ४० लाख संपलेले, दहा नावं झालेली.

“रेडर कुठंय?” मी विचारलं.

“थांबा ना काका,” तो वर न बघता म्हणाला. “आधी ह्यांची जोड लागते का ते मामांना दाखवतो.”

मामा देवीला नारळ फोडायला वर गेले होते. खाली त्यांची चप्पल तेवढी होती, आणि तिच्याशेजारी चहाचे दोन ग्लास, एक झाकून ठेवलेला.