क्षारसूत्राचे यंत्र आणि शासनाचे साहाय्य

क्षारसूत्राच्या धाग्यास केवळ स्नुहीक्षीराचे ११, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे ७ आणि स्नुहीक्षीर व हरिद्रेचे ३ असे २१ लेप देतात. प्रत्येक लेप वाळवावा लागतो. पावसाळ्यात तर आमची तारांबळच उडते. सर्वत्र सारखा लेप देणारे यंत्र लहान औषधनिर्मात्याने केवळ स्वखर्चाने घडवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. प्रयोग फसला तर भांडवलच बुडावयाचे.

ही जोखीम वाटून घेण्यासाठी अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा करून मोठ्या केंद्रीय खात्यांच्या संशोधननिधीचा काही हिस्सा लघुउद्योगांकरिता राखला. तशाच हेतूने आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये ‘एसबीआयआरआय’ योजना आरंभिली. पुढे २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘बायरॅक’ने ‘बिग’ योजनेतून प्राथमिक कल्पनांसही १८ महिन्यांकरिता ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले.

मात्र ग्रंथोक्त योग जसाच्या तसा मांडून भागत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) अन्वये पारंपरिक ज्ञानास पेटंट मिळत नाही. नावीन्य यंत्रात वा निर्मितीपद्धतीत दाखवावे लागते. अर्जापूर्वी अभियंता सोबत घ्यावा आणि हाताने केलेल्या धाग्यांची जाडी, वजन व ताणशक्ती नोंदवून ठेवावी, असे आम्ही सुचवितो. त्या नोंदींवाचून यंत्राने काय सुधारले, हे सिद्ध करता येणार नाही.