संगणकाच्या दारावरची घंटा

एका पेढीवर वयोवृद्ध हिशेबनीस कीर्द लिहीत बसलेले आहेत, अशी कल्पना करा. देवडीवर एक शिपाई आहे. बाहेरून चिठ्ठी आली कीं शिपायानें घंटा वाजवावी, आणि घंटा ऐकतांच हिशेबनिसांनीं उठून ती चिठ्ठी जातीनें घ्यावी, असा तेथला शिरस्ता आहे. दिवसांतून पांच-दहा चिठ्ठ्या येत असतील तर ह्या व्यवस्थेंत कांहींच उणें नाहीं. परंतु ऐन लग्नसराईंत मिनिटास वीस चिठ्ठ्या येऊं लागल्या म्हणजे काय होईल? हिशेबनिसांनीं चालू बेरीज कोपऱ्यांत टिपून ठेवावी, लेखणी खालीं ठेवावी, दारापर्यंत जावें, चिठ्ठी आणावी, बैठकीवर परत येऊन मघांची बेरीज कोठें राहिली तें शोधावें. आणि पहिला आंकडा मांडतात न मांडतात तोंच पुन्हां घंटा! सायंकाळीं पाहावें तों चिठ्ठ्यांचा ढीग शेजारीं पडलेला आहे, एकीचाही जमाखर्च झालेला नाहीं, आणि हिशेबनीस मात्र दिवसभरांत क्षणभरही रिकामे बसलेले नाहींत.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें संगणकाविषयीं. पण त्यांतलें कोडें हेंच आहे. संगणकांतला प्रोसेसर म्हणजे आपले हिशेबनीस. तारेवरून येणारा मजकूर लहान लहान तुकड्यांनीं येतो. त्या तुकड्यास पॅकेट म्हणतात. तारेचें टोंक संगणकास जेथें जोडलेलें असतें तेथें नेटवर्क कार्ड नांवाचा भाग असतो. हा आपला शिपाई. पॅकेट आलें कीं कार्ड तें मेमरींतील एका नेमून दिलेल्या खणांत ठेवतें आणि प्रोसेसरला एक विद्युत्-संकेत देतें. ह्या संकेताचें नांव इंटरप्ट. त्याचा शब्दशः अर्थ व्यत्यय, आणि हें नांव अगदीं यथार्थ आहे. संकेत मिळतांच प्रोसेसर हातचें काम अर्ध्यावर सोडतो, तें कोठवर आलें होतें याची नोंद करितो, दाराशीं काय आलें आहे तें पाहतो, आणि मग मागल्या कामाकडे वळतो. ह्या जाण्यायेण्यास मोल पडतें. शिवाय हाताशीं मांडून ठेवलेली सामग्री विस्कटते, ती पुन्हां जुळवावी लागते, हें मोल निराळेंच.

गंमत अशी कीं, ही घंटा मुळांत वेळ वांचविण्यासाठींच निघाली. ती नसे तेव्हां प्रोसेसरला एकेका उपकरणापाशीं जाऊन 'कांहीं आलें काय?' असें पुनःपुन्हां विचारीत बसावें लागे. आणि उपकरणें मंद असल्यामुळें बहुतेक खेपा फुकट जात. घंटेनें ती यातायात संपली. मात्र ही सोय एका गृहीतावर उभी होती: बाहेरचें जग प्रोसेसरच्या मानानें फार सावकाश चालतें, हें तें गृहीत. कळफलकावर माणूस कितीही भराभर टंकलेखन करो, त्याच्या दोन अक्षरांमध्यें प्रोसेसरला लक्षावधि कामें उरकतां येतात. तारेनें हें गृहीत मोडलें.

कसें तें थोडक्या आंकड्यांवरून पाहूं. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत १९७३ सालापासून ईथरनेट नांवाची जोडणी सिद्ध केली. तिच्या पुढें रूढ झालेल्या स्वरूपांत सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटांचें असतें. आरंभीची खूण आणि दोन पॅकेटांमधील सक्तीची मोकळी जागा धरून तारेवर तें ८४ बाइटांची, म्हणजे ६७२ बिटांची जागा घेतें. सेकंदास एक कोटि बिटें वाहणाऱ्या तारेवर अशीं १४,८८० पॅकेटें एका सेकंदांत येऊं शकतात. गिगाबिट तारेचा वेग ह्याच्या शंभरपट. तेथें हीच संख्या १४,८८,०९५ होते. म्हणजे दोन पॅकेटांमध्यें पाऊण मायक्रोसेकंदही उरत नाहीं. समजा, एका घंटेपायीं प्रोसेसरचे केवळ दोन मायक्रोसेकंद खर्च होतात. मग सेकंदास पांच लक्ष घंटांतच त्याचा सारा वेळ संपला. आणि दाराशीं तर जवळजवळ पंधरा लक्ष पॅकेटें उभीं आहेत!

गिगाबिट तारा घरोघर येण्यापूर्वींच हें संकट प्रत्यक्ष दिसलें होतें. जेफ्री मोगुल व के. के. रामकृष्णन यांनीं १९९६ सालीं त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. दोन ईथरनेटांच्या मध्यें एक संगणक बसवून, इकडचीं पॅकेटें तपासून तिकडे धाडण्याचें काम त्यांनीं त्यास सांगितलें होतें. तपासणीचें काम एका स्वतंत्र प्रोग्रॅमकडे होतें. सेकंदास सुमारें २,००० पॅकेटांपर्यंत सर्व यथास्थित चाललें. त्यापुढें आवक वाढवीत नेली तसतशी जावक कमी कमी होत गेली, आणि आवक ६,००० च्या सुमारास पोंचली तेव्हां पलीकडे एकही पॅकेट जाईनासें झालें. यंत्र बंद पडलेलें नव्हतें, तार तुटलेली नव्हती, प्रोसेसर तर कमालीचा गढून गेला होता. घंटेचा मान सर्वांत मोठा, म्हणून आलेलें पॅकेट आंत घेण्याचें काम प्रत्येक वेळीं आधीं होई. तें रांगेंत उभें केलें जाई. पण रांगेच्या टोंकाशीं बसलेल्या तपासनिसाला प्रोसेसरचा एक क्षणही मिळत नसे. रांग भरली कीं नवें पॅकेट फेंकून द्यावयाचें, आणि तें सुद्धां त्यावर सगळी मेहनत करून झाल्यावर! ह्या अवस्थेस इंग्रजींत लाइव्हलॉक म्हणतात. मला ती साध्या बंद पडण्याहूनही वाईट वाटते. कारण बंद पडलेलें यंत्र निदान बंद पडलें आहे असें दिसतें तरी.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे शिपायास सांगणें कीं, 'बाबा, प्रत्येक चिठ्ठीस घंटा वाजवूं नकोस. थोड्या जमूं दे.' पण थोड्या म्हणजे किती, आणि किती वेळ वाट पाहावयाची? आपल्याकडे पंगत मांडतांना यजमानापुढें हाच प्रश्न असतो. एक पाहुणा आला. आणखी कोणी येतें का म्हणून दोन मिनिटें थांबावें. दुसरा आला, पुन्हां दोन मिनिटें. ह्या रीतीनें पाहुणे एकामागून एक रेंगाळत येत राहिले तर पहिला बिचारा उपाशीच राहावयाचा. म्हणून शहाणा यजमान मनाशीं दुसरीही एक मर्यादा बांधतो: कांहीं झालें तरी पहिल्या पाहुण्यास अर्ध्या तासापलीकडे बसवून ठेवावयाचें नाहीं. इंटेल कंपनीच्या गिगाबिट कार्डांत नेमकीं हींच दोन घड्याळें ठेविलेलीं आढळतात. एक दर पॅकेटाबरोबर नव्यानें सुरू होतें. दुसरें पहिल्या पॅकेटापासून जें चालूं लागतें तें मध्यें कोणासाठीं थांबत नाहीं. दोहोंची मोजणी १.०२४ मायक्रोसेकंदांच्या मापानें होते.

ह्याखेरीज तिसरी एक सोय आहे, आणि व्यवहारांत तीच अधिक उपयोगी पडली: दोन घंटांमध्यें अमुक इतकें अंतर असलेंच पाहिजे, असा दंडक. सेकंदास ८,००० घंटा असा दंडक घातला, तर हें अंतर १२५ मायक्रोसेकंदांचें झालें. तेवढ्या अवधींत गिगाबिट तारेवरून पूर्ण लांबीचीं पॅकेटें दहा येतील, आणि सर्वांत लहान आलीं तर १८६ येतील. हा फरक ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कार्डाला पॅकेटें ठेवण्यासाठीं दिलेले खण समजा २५६ आहेत. १८६ पॅकेटें त्यांत मावलीं. पण प्रोसेसरला आणखी सवड मिळावी म्हणून कोणी हौशी गृहस्थानें ८,००० चे ४,००० केले, तर त्याच तारेवरून घंटेपूर्वींच ३७२ पॅकेटें येऊन थडकतील, आणि ११६ पॅकेटांस ठेवावयास जागाच राहणार नाहीं. मोठ्या पॅकेटांवर प्रयोग करून 'आमचें उत्तम चालतें' असें सांगणाऱ्यांनीं हें गणित एकदां तरी मांडून पाहावें.

बरें, विलंबाचा दंड भरतो कोण? मोठी फाइल उतरवून घेणाऱ्यास १२५ मायक्रोसेकंदांचें कांहींच वाटणार नाहीं. पण दोन संगणकांचें प्रश्नोत्तर चाललें आहे, म्हणजे एकानें चिमुकला प्रश्न विचारावा, दुसऱ्यानें चिमुकलें उत्तर द्यावें, आणि उत्तर हातीं आल्यावांचून पुढचा प्रश्न विचारतां येऊं नये, असें समजा. एक फेरी खरोखर ५० मायक्रोसेकंदांत उरकण्यासारखी असली, तर सेकंदास २०,००० फेऱ्या व्हावयास हव्यात. परंतु घंटा १२५ मायक्रोसेकंदांच्या आंत पुन्हां वाजावयाची नाहीं. म्हणून उत्तर दाराशीं येऊन तिष्ठत राहतें आणि फेऱ्या ८,००० वर येऊन ठेपतात. तार मोकळी, दोन्ही प्रोसेसर जवळजवळ रिकामे, आणि काम मात्र अर्ध्याहूनही कमी! लोंढ्यासाठीं केलेला बंदोबस्त येथें एकट्यादुकट्या वाटसरूस भोंवतो. पुढें इंटेलच्या चालक-प्रणालींत आलेलीं पॅकेटें पाहून हा दंडक आपोआप बदलण्याची योजना झाली: मोठा लोंढा असेल तर सेकंदास ४,००० घंटा, आणि तुरळक, घाईचीं पॅकेटें असतील तर पायरीपायरीनें २०,००० पर्यंत. योजना चांगली आहे. पण मागल्या क्षणावरून पुढल्या क्षणाचें भाकीत करण्याचा दोष तिच्यांतही उरतोच.

माझ्या मतें ह्या प्रश्नाचा सर्वांत सुरेख उलगडा घड्याळाकडे न पाहतांच झाला. लिनक्स ह्या संगणक-प्रणालीसाठीं जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह ह्या तिघांनीं २००१ सालीं नॅपी नांवाची पद्धत मांडली. तिचा नियम एवढाच: पहिलें पॅकेट आलें कीं घंटा लागलीच वाजवावी. घंटा ऐकतांच प्रोसेसरनें प्रथम काय करावें, तर घंटेची दोरी सोडून ठेवावी. म्हणजे ती आतां वाजणें नाहीं. मग सवडीप्रमाणें खणांपाशीं जाऊन जीं पॅकेटें जमलीं असतील तीं उचलावीं. पण एका खेपेस चौसष्टांहून अधिक उचलूं नयेत, दुसऱ्या कामांस वेळ द्यावा, आणि पुन्हां यावें. खण रिकामे आढळले, तरच दोरी पुन्हां बांधावी आणि आपल्या मूळ कामाला लागावें.

ह्यांतली खुबी पाहा. दाराशीं सामसूम असेल तेव्हां एकट्या आलेल्या पॅकेटास क्षणाचाही खोळंबा नाहीं. गर्दी वाढली कीं प्रोसेसरला खण रिकामे सांपडतच नाहींत. त्यामुळें दोरी बांधलीच जात नाहीं, आणि ऐन पुरांत घंटांची संख्या वाढण्याऐवजीं जवळजवळ शून्यावर येते. पूर अगदींच अनावर झाला तर खण भरतात आणि जादा पॅकेटें कार्डावरच गळून पडतात. नुकसान होतेंच, परंतु त्या पॅकेटांवर प्रोसेसरनें अजून कांहीं खर्च केलेला नसतो, म्हणून आंत घेतलेल्यांचें काम पार पडतें. मोगुल व रामकृष्णन यांनींही घंटा थांबवून खेपा घालण्याचा आणि खेपेगणिक मर्यादा घालण्याचा मार्ग सुचविला होताच. आणि घंटेनें ज्याला हद्दपार केलें तें जुनें 'कांहीं आलें काय?' असें विचारणें येथें परत आलें आहे. मात्र उत्तर बहुधा 'होय' येणार अशा वेळींच तें विचारलें जातें.

एक बाजू राहिली, आणि ती वेळेच्या नोंदीची आहे. पॅकेट केव्हां आलें, हें पुष्कळदां प्रोसेसर स्वतःच्या घड्याळांत पाहून ठरवितो. पण तो पाहतो दाराशीं गेल्यावर. दहा पॅकेटें एकामागून एक १२ मायक्रोसेकंदांनीं आलीं आणि घंटा एकच वाजली, तर दहाही जणूं एकाच क्षणीं आलीं अशी नोंद होते. पॅकेटांमधील अंतरावरून तारेची वाहकता मोजणाऱ्यांस हें फार नडतें. २००४ सालीं प्रसाद, जैन व डोव्रोलिस यांनीं ह्याच दोषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन संगणकांचीं घड्याळें तारेवरून जुळवितांना तर घोटाळा अधिकच सूक्ष्म असतो. तेथें निरोप जावयास जेवढा वेळ लागतो तेवढाच यावयास लागतो असें धरलेलें असतें. एका बाजूस घंटेपायीं १०० मायक्रोसेकंदांची दिरंगाई झाली, कीं घड्याळ ५० मायक्रोसेकंदांनीं चुकीचें लागतें, आणि तें चुकलें आहे हें त्या दोघांपैकीं कोणासच कळत नाहीं.

ह्यास्तव घड्याळें काटेकोर जुळविण्याचा जो संकेत २००२ सालीं १५८८ ह्या क्रमांकानें प्रसिद्ध झाला, त्याच्या अनुरोधानें कार्डावरच घड्याळ बसविण्याची रीत पडली. टपालकचेरींत पत्रावर शिक्का उमटतो, त्याप्रमाणें पॅकेट तारेवरून आंत शिरतांच कार्ड त्यावर वेळ टिपून ठेवतें. मग घंटा शंभर मायक्रोसेकंदांनीं वाजो कीं दोनशेंनीं वाजो. प्रोसेसरनें शिक्का वाचावयाचा, स्वतःच्या घड्याळाकडे पाहावयाचें नाहीं. सगळ्याच कार्डांना हा शिक्का मारतां येत नाहीं. ज्याला संगणकाकडून वेळेचें मोजमाप करून घ्यावयाचें आहे, त्यानें आपल्या कार्डाला तो येतो कीं नाहीं हें आधीं पाहून घ्यावें. येत नसेल तर दोन घंटांमधील सक्तीचें अंतर काढून टाकावें, आणि त्यापायीं प्रोसेसरचा जो वेळ जाईल तो जाऊं द्यावा.