गोरे, मृणाल केशव

(२४ जून १९२८ – १७ जुलै २०१२). महाराष्ट्रातील समाजवादी नेत्या आणि विधानसभा व लोकसभा या दोन्ही सभागृहांच्या माजी सदस्या. माहेरचे आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्या राष्ट्र सेवा दलाच्या कार्याकडे ओढल्या गेल्या व ते शिक्षण अपुरे सोडून पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या. सेवा दलातील सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी १९४८ मध्ये त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होते. तेथील ग्रामपंचायतीत त्यांना लोकप्रतिनिधित्वाचा पहिला अनुभव मिळाला. १९५८ मध्ये पतीचे निधन झाले. तथापि पदरी लहान मुलगी असतानाही त्यांनी कार्यात खंड पडू दिला नाही.

१९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. उपनगरांतील श्रमिक वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर जो लढा दिला, त्यामुळे ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. साहजिकच मतदानाच्या बळावर सरकारला अडविणे विरोधकांना शक्य नव्हते. दुष्काळ व महागाईच्या त्या काळात अहिल्या रांगणेकर प्रभृतींसह त्यांनी महागाईविरोधी संयुक्त आघाडी उभारली. लाटणी घेऊन निघालेले गृहिणींचे मोर्चे या आघाडीमुळेच गाजले.

आणीबाणीत काही काळ भूमिगत राहिल्यानंतर त्यांना अटक होऊन तुरुंगवास घडला. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या. त्याच निवडणुकीत इंदिरा गांधी पराभूत झाल्याने ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा लोकांच्या तोंडी झाली. लोकसभेतील त्यांची कारकीर्द मात्र १९८० पर्यंतचीच.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि काही काळ विरोधी पक्षनेत्या होत्या. त्यांच्या संसदीय कार्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग याच काळातील आहे. गर्भजलपरीक्षेने लिंगनिदान करून स्त्रीगर्भ पाडण्याचा प्रकार मुंबईत फोफावत होता. त्याविरुद्ध स्त्रीसंघटना, डॉक्टर व शास्त्रज्ञ यांनी उघडलेल्या मोहिमेला सभागृहात आवाज मिळाला तो त्यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या अशासकीय विधेयकामुळे. अशी विधेयके बहुधा चर्चेपलीकडे जात नाहीत. या वेळी मात्र शासनाला स्वतः कायदा करणे भाग पडले व १९८८ मध्ये देशातील या विषयावरचा पहिला कायदा महाराष्ट्रात झाला. त्यात उणिवा होत्याच. नोंदणीकृत खाजगी केंद्रांना चाचणीची मुभा राहिली. शिवाय राज्याची सीमा ओलांडली की कायदा लागू होत नसे. १९९४ च्या केंद्रीय कायद्याची वाट मात्र त्यानेच मोकळी केली.

पुढे त्या निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाल्या. नागरी निवारा परिषदेच्या द्वारे बाबूराव सामंत यांच्यासह त्यांनी शासनाकडून जमीन मिळविली आणि गोरेगावच्या दिंडोशी परिसरात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरे उभी केली. दाभोळ येथील एन्रॉन वीजप्रकल्पाच्या विरोधातही त्या उतरल्या. मंत्रिपद त्यांनी कधीच भूषविले नाही. वर उल्लेखिलेली सारी कामे त्यांनी विरोधी बाकांवरून अथवा सभागृहाबाहेर राहून केली. वसई येथे त्यांचे निधन झाले.